साच्यातला माणूस

पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत साच्यातून निघालेल्या गणपतीच्याही डोळ्यांची आखणी हाताने होते. पडद्यावरच्या भारतीय माणसाचे नशीब एवढे थोर नाही. तो साच्यातून निघतो आणि थेट विक्रीला जातो.

हॉलिवूडने 1984 साली ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’मध्ये आपल्या राजवाड्यात माकडाच्या मेंदूची मेजवानी वाढली. उकडीचे मोदक बहुधा बजेटात बसले नसावेत. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेतला अपू हा भारतीय दुकानदार 1990पासून बोलला तो हँक अझारिया या गोऱ्या नटाच्या गळ्यातून. 2020 साली त्यांनी तो आवाज सोडला. तीस वर्षे अपूसाठी एक भारतीय घसा सापडू नये!

पण साहेबाला नावे ठेवताना मुंबईच्या हिंदी सिनेमाकडेही पाहावे. तिथे मराठी पुरुष बहुधा हवालदार, आणि मराठी बाई भांडी घासणारी. कामात कमीपणा नाही. पण दुसरे काम द्यायला लेखकाचा हात धजत नाही. रोह्याशी नाते असलेले चिंतामणराव देशमुख 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढे देशाचे अर्थमंत्री झाले आणि 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावरून मंत्रिपद सोडून मोकळे झाले. हिंदी पटकथेत हेच चिंतामणराव बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे असते, येणाऱ्या-जाणाऱ्या ‘साब’ला सलाम ठोकत. आणि दरोडा पडला की पहिली गोळी त्यांनाच!