मारव्याला संध्याकाळ मिळेना

फिनलंडचा दौरा ठरला तेव्हा बुवांनी लोकरीची बंडी घेतली, तबलजीने मेतकुटाच्या चार पिशव्या घेतल्या आणि मी पेटीला नवीन खोळ शिवून घेतली. जूनमध्ये हेलसिंकीला सूर्य रात्री 10 वाजून 50 मिनिटांच्या सुमाराला मावळतो, हे तिघांपैकी एकानेही कुठे वाचलं नव्हतं.

विमानतळावर पेटीची चौकशी झाली. यंत्राच्या पडद्यावर पितळी पट्ट्यांच्या रांगा पाहून तिथल्या अधिकाऱ्याने खुणेनेच 'वाजवून दाखव' असं सांगितलं. मी भाता उघडला आणि काळी एक धरली. त्याने पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एकदम श्वास आत ओढला, 'योऽ'. मला वाटलं, झालं, माणसाला दम्याचा झटका आला. नंतर कळलं, की इथे 'हो' हा शब्द पुष्कळदा श्वास आत घेता घेता म्हणतात. आम्ही वीस-वीस वर्षं रियाज केला तो श्वास बाहेर सोडताना सूर लागावा म्हणून. ही मंडळी तो आत घेतानाही बोलतात.

आम्हाला न्यायला आयोजक बाई आल्या होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, उंच, आणि बोलणं अगदी मोजकं. गाडीतली शांतता सोसेना म्हणून मी इंग्रजीत सुरुवात केली, की आमच्या भाषेत याला 'कला' म्हणतात आणि आम्ही आयुष्य कलेला वाहिलंय. बाईंनी गाडी कडेला घेतली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. फिन्निशमध्ये 'कला' म्हणजे मासा. मी मालवणचा. आमच्या घरात दोन्हींचा अर्थ एकच आहे असा मला लहानपणापासून संशय होताच, इथे त्याला भाषेचा आधार मिळाला. दुसऱ्या दिवशी बाईंनी बंदराजवळच्या बाजारात नेऊन 'मुइक्कु' खाऊ घातले. बोटाएवढे मासे, राय नावाच्या धान्याच्या पिठात घोळवून लोण्यात तळलेले. मांदेलीची सर नाही, पण परदेशात माणसाने फार चिकित्सा करू नये.

एक चर्चही पाहिलं. टेकडीच्या खडकात खोदलेलं, 1969 सालचं, वर तांब्याचा घुमट, आणि खडबडीत दगडी भिंती तशाच ठेवलेल्या. बुवांनी हळूच एक 'सा' लावून पाहिला. सूर एवढा सुंदर घुमला, की बुवांनी स्वतःलाच दाद दिली. दारावरच्या माणसाने ओठांवर बोट ठेवलं.

खरा गोंधळ कार्यक्रमाच्या दिवशी झाला. वेळ संध्याकाळी 7 ची, छापील पत्रिकेत पहिला राग यमन. साडेसहाला बुवांनी विंगेतल्या खिडकीतून बाहेर डोकावलं. असं लख्ख ऊन, की आमच्याकडे आंब्याची साठं वाळत घातली असती.

"हे सात वाजत आले?"

"हो बुवा."

"हे चार आहेत. चाराला मुलतानी. यमन मी गाणार नाही."

"बुवा, पत्रिकेत छापलाय."

"छापणाऱ्याला सांग, आधी दिवा लावायची वेळ होऊ दे."

तबलजीने तबला जुळवता जुळवता तिसराच फाटा फोडला. "घरी आत्ता रात्रीचे नऊ वाजलेत. तुमचा गळा अजून तिकडच्याच वेळेवर आहे, बुवा. बिहाग घ्या." घड्याळ, सूर्य आणि जेट लॅग असे तीन पक्ष पडले, आणि विंगेत माणसं तीनच होती.

चूक कुणाचीच नव्हती. रागांच्या वेळा ज्यांनी ग्रंथात व्यवस्थित लावून ठेवल्या ते पंडित भातखंडे 1860 साली मुंबईत वाळकेश्वरला जन्मले. वाळकेश्वरचा सूर्य सभ्य आहे. बारा महिने तो वेळेच्या आसपास समुद्रात जातो, फार तर तासाभराची सवलत घेतो. बाईंनी मात्र शांतपणे माहिती पुरवली, की देशाच्या अगदी उत्तर टोकाला उन्हाळ्यात दोन महिन्यांहून जास्त सूर्य मावळतच नाही आणि हिवाळ्यात जवळजवळ दोन महिने उगवत नाही.

बुवा खुर्चीवर बसले. "म्हणजे उन्हाळाभर सारंग, हिवाळाभर मालकंस. आणि यमन गायचा कधी?"

शेवटी बाईंनीच तोड काढली. या देशात उन्हाळ्यात झोपण्यासाठी काळे जाड पडदे लागतात, ते सभागृहातही होते. पडदे ओढले, अंधार झाला, बुवांचं समाधान झालं आणि यमन सुरू झाला.

पण दाद येईना. बुवांनी एक तान घेतली, समेवर अशी पडली की पुण्यात पहिल्या तीन रांगा उठल्या असत्या. इथे कुणी मानही हलवली नाही. बुवा माझ्याकडे पाहायला लागले. मी नोकरीतलं काम समजून दर पाच मिनिटांनी "क्या बात है" म्हणत राहिलो. कार्यक्रम संपल्यावर मात्र सगळे उभे राहिले आणि एका ठेक्यात टाळ्या वाजवू लागले. त्या थांबेनात. "लय पक्की आहे," तबलजी म्हणाला. हा माणूस कुणाच्या लयीबद्दल चांगलं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

चौथ्या दिवशी बाईंनी तळ्याकाठच्या लाकडी घरी नेलं. देशात तळी एक लाख अठ्ठ्याऐंशी हजारांच्या घरात, आणि पंचावन्न-छप्पन्न लाख माणसांत सौना तीसएक लाख, त्यामुळे दोन्ही टाळणं अशक्य. (आपण 'सॉना' म्हणतो ते चूक. ती मंडळी मराठीसारखं स्वच्छ 'सौना' म्हणतात.) आत ऐंशी अंश. बुवा पंचा नेसून बसले आणि दोन मिनिटांत म्हणाले, "मे महिन्यात मालवणच्या एष्टीत हे फुकट मिळतं." तबलजीचं लक्ष वेगळीकडेच. पावसाळ्यात उतरलेला तबला त्याला घरी शेगडीजवळ धरावा लागतो. "इथे पाच मिनिटं ठेवला तर चढेल का?" त्याने विचारलं. मग तिघांनी तळ्यात उडी मारली. त्या पाण्याबद्दल मी काही लिहीत नाही.

अंगात ऊब आल्यावर बुवा बंडी घालून तळ्याच्या धक्क्यावर बसले. अकरा वाजत आलेले, सूर्य नुकता झाडांमागे गेलेला, आभाळ केशरी. डास मात्र आपल्यासारखेच, वेळेवर. बुवांनी न सांगता मारवा धरला.

आपल्याकडे संधिप्रकाश पंचवीसेक मिनिटांत आटोपतो. मारवा गाणाऱ्याची नेहमी घाई, आलाप रंगतो न रंगतो तोच काळोख. इथे घाईच नव्हती. मारव्यात षड्ज टाळून टाळून गायचा असतो, कोमल रिषभावरून, धैवतावरून नुसतं त्याच्याभोवती फिरायचं, घरी जायचं नाही. समोर उजेडही तसाच, जाईना. दोघांचं चांगलं जमलं. बुवा दीड तास गायले आणि केशरी रंग जागचा हलला नाही. मी पेटी अगदी हलकी ठेवली. शेवटी एकदाचा षड्ज लागला तेव्हा मागून आवाज आला, "योऽ". श्वास आत ओढलेला.

बुवा दचकले. "बाईंना दम लागला का रे?"

"नाही बुवा. दाद आहे."

बुवा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुन्हा लाव सूर."

आठवड्याने मुंबईत उतरलो. बाहेर धो धो पाऊस, टॅक्सीवाल्यांची भांडणं, रस्त्याला गुडघाभर पाणी. ढगांत सूर्य दिसतच नव्हता, पण साडेसातच्या आत अंधार पडायला लागला. बुवांनी घड्याळ पाहिलं, आभाळाकडे पाहिलं.

"उगाच युरोपच्या शिस्तीचं कौतुक करतात," ते म्हणाले आणि टॅक्सीत बसून यमन गुणगुणू लागले.