आईचं नाक

आमच्या दाराला एक लॅच, दोन कड्या, एक साखळी, बाहेर सेफ्टी डोअर आणि त्याला नवताल कुलूप एवढा बंदोबस्त आहे. रात्री मला यायला उशीर झाला की बायको आतून पाच मिनिटं नुसती खडखड करत असते. डोंबिवलीच्या या दोन खोल्यांत नेण्यासारखं काय आहे, ते चोर येऊन गेलाच तर आम्हालाही कळेल. आणि भडका उडवणारी खरी वस्तू मात्र आम्ही पैसे मोजून, कुणालाही सांगू नये असा तो ओटीपी आपणहून सांगून, ‘या, आत ठेवा’ म्हणत घरात घेतो. लाल रंगाची. आत १४.२ किलो गॅस.

तिच्यावर पहारा आईच्या नाकाचा. आई ७८ वर्षांची. ऐकू कमी येतं, तेही सोयीनुसार. पण तळमजल्यावर कुणाचं दूध उतू गेलं, हे ती तिसऱ्या मजल्यावरून सांगते.

त्या रविवारी जेवून सगळे आडवे झालो होतो. आई उठून बसली.

“वास येतोय. गॅसचा.”

मला सर्दी झालेली, त्यामुळे मला जगात कसलाच वास नव्हता. तरी मी सांगायला सुरुवात केली, की या गॅसला मुळात वास नसतोच; गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्केप्टन नावाचं घाणेरड्या वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात...

“अहो, आधी उठा,” बायको म्हणाली.

उठलो. शूरासारखा स्वयंपाकघरात शिरलो आणि पहिला हात नेला तो एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे.

“हात लावू नकोस मेल्या!” आई ओरडली. बटण दाबताना आत ठिणगी उडते. अशा वेळी बंद असलेलं लावायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही. मर्केप्टन मला ठाऊक होतं, हे आईला.

मग देवघरातलं निरांजन विझवलं, रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत साचतो, असं मी म्हणालो मात्र, मुलगा पेपर घेऊन फरशीला वारा घालायला लागला. लाद्यांना उकडत असावं तसा. रेग्युलेटर काढून सिलिंडरला बूच लावायचं, तर बूच गायब. ते पांढरं बूच दोरीसकट आईच्या उशाशी सापडलं. ती त्यात रोज रात्री मेथीचे दाणे भिजत घालत होती. दाणे तसेच तोंडात टाकून तिने ते माझ्या हातात दिलं.

जिन्यात जाऊन १९०६ ला फोन केला. हा गॅसगळतीचा नंबर, चोवीस तास चालू असतो. मेकॅनिक आला. सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून पाहिलं. एक बुडबुडा नाही. तेवढ्यात शेजारच्या वहिनी वाटी घेऊन दारात. “काय झालं हो? मी मुळ्याची भाजी द्यायला आले होते.”

मुळ्याच्या उग्रपणामागे गंधकाची संयुगं असतात आणि मर्केप्टनमध्येही गंधकच. दूरचे का होईना, नातेवाईक. सगळ्यांनी आईकडे पाहिलं.

“म्हणजे वास येत होता ना?” आई म्हणाली.

मेकॅनिक निघणार, तर त्याची नजर ओट्याखाली गेली. तेलाचे डाग पडू नयेत म्हणून आईने गॅसच्या नळीला जुन्या साडीचं झबलं शिवलं होतं. नळी कधी झाकायची नसते, असं म्हणत त्याने ते उतरवलं. या केशरी नळीवर साल छापलेलं असतं आणि ती ५ वर्षांनी बदलायची असते. आमच्या नळीवर होतं २०१४. मुलाचं जन्मसाल. त्याच्या तीन सायकली बदलून झाल्या.

मेकॅनिकने नळी जरा वाकवली. बारीक बारीक भेगा दिसल्या. तो काहीच बोलला नाही. मान वळवून त्याने आमच्या दाराच्या दोन कड्यांकडे आणि साखळीकडे पाहिलं.

नवी नळी बसली. संध्याकाळी आई सुईत दोरा ओवून मागत होती. मी दिला नाही.

तुमच्या नळीवरचं साल जरा बघून या. ओट्याखाली वाकावं लागतं आणि अक्षर बारीक असतं, तेव्हा चष्मा घेऊन जा.