दुर्गकाका

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेल्या लोकलमध्ये आकुर्डीला दुर्गकाका चढतातच. वय साठीच्या पुढचं, पोटऱ्या चाळिशीच्या. पायात हंटर शूज, पाठीवर विटकी कॅनव्हासची सॅक. डब्यात शिरल्याशिरल्या ते कुणाही अनोळखी पोराला विचारतात, "काय रे, एवढे सगळे कुठं निघालेत?" पोरगं म्हणतं, "लोहगड, काका." काका डोळे मिटून घेतात. कामशेत येईपर्यंत त्यांनी हाच प्रश्न आणखी दोघातिघांना विचारलेला असतो आणि प्रत्येक वेळी त्याच उत्तराने नव्याने दुखावलेलेही असतात.

काकांचं दुःख एकच आहे: डोंगर लोकांना कळला. तो कळू नये म्हणून त्यांनी काही केलं म्हणावं, तर तसंही नाही. सोसायटीतली, कारखान्यातली, सासुरवाडीची जेवढी माणसं दोन पायांवर उभी राहू शकत होती, तेवढी सगळी त्यांनीच एकेक करून भाज्याला आणली. त्यातली निम्मी पुढे आपापली माणसं घेऊन यायला लागली. काका या दुसऱ्या पिढीला 'गर्दी' म्हणतात.

मळवलीला उतरून भाज्याकडे जाताना एक्स्प्रेसवे ओलांडावा लागतो. त्या पुलावर काका मधोमध थांबतात. मागचे सगळे थांबतात. खालून गाड्या सुसाटत असतात. "हा रस्ता २००२ साली पुरा झाला," काका म्हणतात, "त्याच्याआधी इथून शेतातनं जायचो. बांधावरून. चिखल इथपर्यंत!" चिखलाची खूण मांडीपाशी असते. दरवर्षी ती थोडी वर सरकते. आणखी काही पावसाळे गेले की काका भाज्याला पोहत जात असत, असं निष्पन्न होईल.

लेण्यांच्या पायऱ्यांवर पुढचा थांबा. इथे काका परीक्षा घेतात. "लेणी किती? बावीस. चैत्यगृह कधीचं? इसवी सनापूर्वी दुसरं शतक. आता वर बघा. त्या छताच्या लाकडी फासळ्या! दोन हजार वर्षं उलटून गेली. तुमच्या फ्लॅटचा दरवाजा दोन पावसाळ्यांत फुगतो." खांब आत कललेले का, हे सांगताना ते स्वतःही कलतात: लाकडी घरात भार पेलायला खांब कलता लावत, कारागिरांनी तीच सवय दगडात उतरवली. माहिती चोख असते. पण काकांचं लक्ष छताकडे नसतं, ऐकणारे किती उरले याकडे असतं. तबला वाजवणाऱ्या बाईच्या शिल्पापर्यंत पोचेतो निम्मे श्रोते पुढच्या धबधब्याला लागलेले असतात.

पुढे फाटा. एकीकडे लोहगड, दुसरीकडे विसापूर. काकांसोबत आलेल्याला निवड नसते. लोहगडाला पायऱ्या आहेत, आणि "पायऱ्याच चढायच्या तर पर्वती काय वाईट?" ही त्यांची शेवटची भूमिका. रविवारी दुपारी लोहगडाच्या गणेश दरवाज्यापासून महादरवाज्यापर्यंत माणसं कशी खोळंबून राहतात, याचं वर्णन ते अशा समाधानाने करतात की ऐकणाऱ्याला वाटावं, रांग यांनीच लावली. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. त्यात लोहगड होता, विसापूर नव्हता. काकांनी सोसायटीत पेढे वाटले. लोकांना वाटलं लोहगडासाठी. ते पेढे विसापूर वाचल्याचे होते.

विसापूर १०८४ मीटर, लोहगड १०३३. या एकावन्न मीटरांवर काकांनी आयुष्यभर भाषण केलंय. "मार्च १८१८. इंग्रजांनी आधी विसापूर घेतला. विसापूर उंच. तिथून तोफा डागल्या तर लोहगड राहतोय कुठं? मग लोहगड लगोलग गेलाच! उंचीला महत्त्व आहे, बाळांनो." एवढं बोलून ते दगडावर बसतात. इतिहासासाठी बसले की दमासाठी, हे विचारायची पद्धत नाही. बसल्या बसल्या गोनीदांची आठवण निघते. गोनीदा म्हणजे तळेगावचे आप्पा; त्यांच्याबरोबर काका हिंडलेत. मावळात साठीपुढचा जो भटका भेटतो, तो आप्पांबरोबर हिंडलेलाच असतो. या सगळ्यांचं म्हणणं खरं धरलं, तर आप्पांच्या काळातच गडांवर रांगा लागायला हव्या होत्या.

विसापूरची वाट पावसात ओढ्यातूनच चढते. पायऱ्यांवरून पाणी वाहतं, पोरं किंचाळतात, काका "पाचच मिनिटं राहिली" म्हणतात. वर कसला तो विस्तार! लांबच लांब तटबंदी, चुन्याचा घाणा, ढग फाटला तर खाली पवनेचं पाणी, तुंग आणि तिकोना. पोरं मोबाइल काढतात. काका त्यांच्यासमोर येऊन उभे राहतात आणि 'फोटोत काय असतं?' हा विषय सुरू करतात.

निवृत्तीनंतर काकांना सगळेच वार मोकळे झाले. तेव्हा एका मंगळवारी ते एकटे विसापूरला गेले. हवी तशी शांतता, हवं तसं धुकं, वाटेवर चिटपाखरू नाही. संध्याकाळचं निवांत परतायचं सोडून ते दुपारच्या लोकलने घरी. काकूंनी विचारलं, "अहो, एवढ्यात?" काका सॅक उतरवत करवादले, "कुणी नव्हतंच वर!" काकूंना आधी वाटलं, खुशीत आहेत.

पुढच्या रविवारी वाटेतल्या ताकवाल्या मावशीपाशी त्यांनी तक्रार केली, "मंगळवारी आलो होतो. तुम्ही नव्हता."

"मंगळवारी कोन येतंय, काका? मानसं नसली तर येवढं भांडं डोईवर घेऊन वर कुनासाठी चढायचं?"

काकांनी ताकाचा घोट घेतला. एवढ्या चढाला भांडं डोक्यावर घेऊन येणारी ही बाई दमल्यासारखी दिसत नव्हती, हे त्यांनी पाहिलं आणि विषय बदलला. मागून सात-आठ पोरांचा घोळका येत होता. काकांचा चेहरा खुलला.

"पहिल्यांदाच आलात का रे? बसा, बसा. आता १८१८ साली काय झालं..." पोरं बसली. ताकाचे ग्लास फिरले. मावशी काकांकडे बघून हसली, कारण काकांचं व्याख्यान सुरू झालं की तिचं भांडं लवकर रिकामं होतं. तासाभराने पोरं उठली, तेव्हा काका त्यांना बजावत होते, "पुढच्या रविवारी तिकोन्याला चला. मित्रांनाही आणा. फक्त सकाळी लवकर या, नंतर फार गर्दी होते!"