मंदीला कोरम नाही

राहुरीचा डॉ. बाबूराव बापूजी तनपुरे साखर कारखाना 2025 साली बंद होता. त्याच्या संचालक मंडळाची निवडणूक मात्र जोरात झाली. गव्हाणीत ऊस नाही, धुराड्याला धूर नाही, कामगारांची देणी थकलेली, जिल्हा बँकेचं कर्ज मानगुटीवर. तरी पॅनेल उभी राहिली, सभा गाजल्या, गुलाल उधळला. मागणी घटली की उत्पादन थांबतं, असं अर्थशास्त्राच्या पुस्तकात लिहिलंय. उत्पादन थांबलं तरी संचालकपदाची मागणी कायम राहते, हे त्या पुस्तकवाल्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. शिवाय बंद कारखान्याचं एक बरं असतं. जाहीरनामा एका ओळीत संपतो.

एरवी मंदी आमच्या नगर जिल्ह्यात बाहेरून येते आणि तिचं कारणही बाहेरूनच येतं. 2019 मध्ये गाड्यांचा खप कोसळला तेव्हा अर्थमंत्र्यांनी इतर कारणांबरोबर हेही सांगितलं की, तरुण मंडळी हप्त्यावर गाडी घेण्यापेक्षा ओला-उबरने फिरणं पसंत करतात. नागापूर एमआयडीसीत सुटे भाग घडवणाऱ्या कंत्राटी पोरांना तेव्हा कळलं की, आपला ओव्हरटाइम पुण्यात कुणी टॅक्सी बोलावल्यामुळे गेला. ज्या नगरने देशाला लूना मोपेडवर बसवलं, त्या गावाला हे कारण पटायला जरा जड गेलं, एवढंच.

पण मंदी खरी पाहायची तर सप्टेंबरात यावं, कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला. मांडव, खुर्च्या, गुळगुळीत कागदाचा अहवाल. पहिल्या पानांवर फोटो, मग श्रद्धांजलीचा ठराव, आणि तोटा थेट मागच्या पानांवर, बारीक टाइपात. विषय क्रमांक चार वाचून व्हायच्या आधीच पुढच्या तीन रांगा ‘मंजूर, मंजूर’ म्हणतात. त्या रांगा सकाळी कारखान्याच्याच गाडीतून आलेल्या असतात. मागून कुणीतरी उठून मागच्या हंगामाच्या दुसऱ्या हप्त्याचं विचारतो. व्यासपीठावरून प्रेमाने उत्तर येतं, “तात्या, खाली बसा, ऐनवेळच्या विषयात घेऊ.” ऐनवेळचे विषय येईपर्यंत जेवणाच्या पंगती बसलेल्या असतात. आणि सभेला कोरम नसेल तरी बिघडत नाही. अर्धा तास तहकूब करायची, मग त्याच जागी, त्याच खुर्च्यांवर कोरमशिवाय भरवायची. तशी तरतूदच आहे.

इथे सदराची परंपरा मोडून चेअरमन मंडळींच्या बाजूनेही चार शब्द बोलायला हवेत. साखरेचा किमान विक्री दर केंद्राने फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये केला आणि पुढे वर्षानुवर्षं तो तिथेच बसून राहिला. त्या हंगामात उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचाच असा केंद्राने ठरवलेला भाव, टनाला 2750 होती, 10 टक्के उताऱ्याला. 2025-26 ला ती 3550 झाली, 10.25 टक्के उताऱ्याला. आता पाटीवर मांडा: 10.25 उतारा म्हणजे टनाला 102.5 किलो साखर. गुणिले 31, म्हणजे 3177 रुपये 50 पैसे. नुसता ऊसच 3550 चा! बाजारात साखर 31 च्या वर जाते आणि बगॅस, मळी, इथेनॉल हात देतात म्हणून गव्हाण फिरते.

त्या इथेनॉलचीही गंमत झाली. कर्ज काढा, डिस्टिलरी उभारा, देशाचं तेल वाचवा, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. कारखान्यांनी उभारल्या. 7 डिसेंबर 2023 ला, ऐन गाळपात, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी आली. आठ दिवसांतच बंदी सैल झाली, पण 17 लाख टन साखरेच्या मर्यादेत. बँकेचा हप्ता मात्र एकदाही सैल झाला नाही.

एवढी बाजू घेऊन झाली, आता पुरे. उसाचा भाव दिल्लीत ठरतो, पण वजन गावातच ठरतं. काटामारीची तक्रार प्रत्येक हंगामात होते आणि काटा प्रत्येक हंगामात तपासणीत निर्दोष सुटतो. त्याआधी ऊसतोड टोळीला खुशालीचे पैसे, ट्रॅक्टरवाल्याला एंट्रीचे. यातल्या एकाही दराला दिल्लीत मंत्रिमंडळाची मंजुरी लागत नाही, म्हणून ते वेळच्या वेळी वाढतात.

1950 साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा करून कारखाना उभा केला, तेव्हा अध्यक्षपदी धनंजयराव गाडगीळ बसले. चक्क अर्थशास्त्रज्ञ. तो प्रयोग यशस्वी झाल्यामुळेच असेल, पुढे जिल्ह्याने तो फारसा केला नाही.

कारखान्यांबाहेरही वेगळं नाही. नगर अर्बन बँक घ्या. 1910 ची बँक. दोन महायुद्धं पाहिली, 1929 ची जागतिक मंदी पाहिली, 1972 चा दुष्काळ पचवला. स्वतःचं कर्जवाटप तेवढं पचलं नाही. 4 ऑक्टोबर 2023 ला रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द केला, आणि आयुष्यभर व्याजाचे दर पाठ केलेल्या पेन्शनर लोकांनी ‘विमा पाच लाखांपर्यंत’ हा नवा पाढा पाठ केला.

त्याच वर्षी 31 मे ला अहिल्यादेवी होळकरांच्या जन्मगावी, चौंडीत, जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर करण्याची घोषणा झाली होती. नावाबद्दल कुणाची काय तक्रार असणार? अहिल्यादेवी घाट आणि बारवा मागे ठेवून गेल्या. आम्ही बोर्ड बदलले. रंगारी, शिक्केवाले, लेटरहेड छापणारे यांचा हंगाम मात्र चांगला गेला.

जिल्ह्यातून वर आलेल्या उद्योगाचं उदाहरणच हवं असेल तर श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरला जावं. 1933 साली तिथे महाराष्ट्र शुगर मिल्स सुरू झाली. साखर केव्हाच बंद पडली, मद्य उरलं. त्याच कंपनीची, म्हणजे आताच्या टिळकनगर इंडस्ट्रीजची, मॅन्शन हाउस ब्रँडी दक्षिणेत धो धो खपते, आणि 2025 मध्ये तिने एका फ्रेंच कंपनीकडून इंपीरियल ब्लू हा व्हिस्कीचा ब्रँड सुमारे 4150 कोटींना घेण्याचा करार केला. जिल्ह्याच्या सहकाराने हा धडा मनावर घ्यावा. सभासदाला दिवाळीला सवलतीची साखर देतातच, यंदापासून उसाचा दुसरा हप्ताही बाटलीतून द्यावा. काट्याची भांडणं तरी मिटतील. बाटलीवर माप छापलेलं असतं.