मत्स्यहिताय

यवतमाळच्या दिवाणखान्यांत फिशटँक येत आहेत, ही प्रगतीच म्हणायची. नव्या टाकीत मासे लगेच सोडू नयेत. पाण्यात उपकारक जिवाणू रुजायला चार-सहा आठवडे लागतात. पाण्यासाठी थांबण्यात तर आपला हात कोण धरणार? २०१८ साली शहराची निळोणा-चापडोह धरणे तळाला गेली, तेव्हाच ही साधना पक्की झाली. मासे सोडतानाही जोडी पाहावी : एंजल माशांच्या टाकीत गप्पी माशांची पिल्ले सोडली तर ती उरत नाहीत. राजकारणात याला युती म्हणतात. मुख्य नियम मात्र एकच : दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचे, तेही क्लोरीन उडालेले. माशाचा हा हक्क निर्विवाद आहे. सबब, पुढील टंचाई आराखड्यात समस्त शहरवासीयांची नोंद ‘शोभिवंत मासे’ अशी व्हावी. अर्जासोबत कल्ल्यांची साक्षांकित प्रत जोडावी.