दुसऱ्या वर्षातले बाबा

पनवेलमध्ये तक्रार नसलेला माणूस शोधून दाखवा. ऑक्टोबर २०१६ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, तेव्हापासून मालमत्ता कराचा विषय निघाला की एरवी मवाळ असलेला माणूसही खुर्चीतून अर्धा उठतो. उन्हाळ्यात देहरंग धरण तळाला गेलं की पाण्याची बोंब, पावसाळ्यात खड्ड्यांची, आणि उरलेल्या दिवसांत धूळ. या गावात एकच वर्ग असा आहे की ज्याला रस्ता खणलेला दिसला की मनापासून आनंद होतो. तो जागच्या जागी थांबतो, खांद्यावरचा ऐवज आणखी वर उचलतो आणि रस्ताभर ऐकू जाईल असं ओरडतो, "बघ बघ बघ, जेसीबी!"

हा दुसऱ्या वर्षातला बाबा. म्हणजे दुसऱ्या वर्षात मूल असतं. पण बाबाचंही वय तेवढंच धरून चालावं, व्यवहार सोपे जातात.

आमच्या सोसायटीत प्रत्येक विंगेत या जातीचा एखादा तरी आहे, आणि एक तर माझ्या घरातच असल्यामुळे निरीक्षणासाठी मला बाहेर जावं लागत नाही. पहिल्या वर्षात हा प्राणी निरुपद्रवी असतो. बाळ आईचं असतं, आजीचं असतं, मालिशवाल्या मावशींचं असतं. बाबाकडे पिशव्या धरणं आणि डायपरचा साइज चुकीचा आणणं एवढंच खातं असतं. मग कधीतरी तेराव्या-चौदाव्या महिन्यात बाळ सोफ्याचा आधार सोडतं, दोन्ही हात वर करून झिंगल्यासारखं चालत सुटतं आणि नेमकं बाबाच्या मांडीवर जाऊन आदळतं. तिथून माणूस बिघडतो.

पहिलं लक्षण म्हणजे तो महिन्यांत बोलू लागतो. "किती वर्षांची?" असं कुणी विचारलं की "एकोणीस पूर्ण, विसावा चालू." गृहकर्जाचे हप्ते किती उरलेत हे याला सांगता येणार नाही. दुसरं लक्षण लोकलमध्ये दिसतं. पनवेल हे हार्बरचं शेवटचं स्टेशन, त्यामुळे सकाळी बसायला जागा मिळते आणि सीएसएमटीपर्यंतची ऐंशीएक मिनिटं समोरच्या माणसाला पळायला वाव नसतो. बाबा हे जाणतो. माझ्या नवऱ्याच्या ग्रुपमधले एक काका मला सांगत होते, की वहिनी, आता आम्हाला वेळापत्रक पाठ झालंय. खांदेश्वरपर्यंत रात्रीची झोप. मानसरोवर-खारघर जेवण. बेलापूरला कालचा नवा शब्द, व्हिडिओसकट. नेरूळ आलं की शी. जुईनगरला आम्ही डबे उघडायचो, ते आता वाशीच्या खाडीपुलावर उघडतो.

ग्रुपमध्ये पूर्वी शेअरबाजार चालायचा. आता तिथे एका माणसाला दाढा आणि सुळे यांत आधी काय येतं हे माहीत आहे (दाढा येतात, सुळे मागून, सोळाव्या महिन्यानंतर, आणि घराची झोप घेऊन येतात), आणि त्याचं अजून लग्न व्हायचंय.

आमच्या घरच्या कारणीभूत व्यक्तीला आपण ठमाबाई म्हणू. ठमाबाईंचा स्वभाव सरळ आहे. जे दिसेल ते माझं, जे हातात आहे ते फेकायचं, आणि जे फेकलं ते बाबाने आणून द्यायचं. टीव्हीचा रिमोट पिठाच्या डब्यात असतो. बाबाची एक चप्पल बादलीत आणि दुसरी, सन्मानपूर्वक, देव्हाऱ्यासमोर. नकला करण्यात त्या पारंगत आहेत. परवा कंगवा कानाला लावून घरभर फिरत होत्या: "हो सल... हो सल... पाथवतो." नवऱ्याला कौतुक वाटलं. मला त्याची ऑफिसातली खरी पायरी कळली.

जेवण हा या जातीचा मुख्य आजार. बाबाचं ठाम मत असतं की मूल काहीच खात नाही. आमच्याकडे यासाठी एक एक्सेल शीट आहे. त्यात 'वरणभात, चमचे' असा रकाना आहे आणि 'थुंकलेले' असा वेगळा. डॉक्टरांनी त्याला एकदा शांतपणे हिशोब समजावला. तीन किलोचं जन्मलेलं बाळ वर्षभरात तिप्पट, म्हणजे साधारण नऊ किलोचं होतं. हाच वेग पुढे राहिला तर दुसऱ्या वाढदिवसाला ते सत्तावीस किलोचं होईल आणि केक तुम्हाला मिळणार नाही. म्हणून दुसऱ्या वर्षात निसर्ग वेग कमी करतो. वजन जेमतेम दोन-अडीच किलोने वाढतं, भूक आपोआप उतरते, मूल मात्र धावू लागल्याने बारीक दिसतं. नवऱ्याने हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि घरी येऊन नाचणीचं सत्त्व चढवलं. ठमाबाईंनी ते भिंतीला दिलं. त्याच ठमाबाई हिवाळ्यात नेऱ्याकडे एका ओळखीच्यांच्या शेतावर मडक्यात शेंगांची पोपटी लागली तेव्हा भांबुर्ड्याच्या पाल्याच्या वासाने मडक्याकडे ओढल्या गेल्या आणि कुणाचं लक्ष नसताना शेंगांतले वाल सोलून मूठभर खाऊन बसल्या. एक्सेलमध्ये वालाला रकानाच नव्हता. त्या रात्री बाबा पोटदुखीची वाट बघत जागा राहिला. ठमाबाई झोपल्या.

आता भरवण्याच्या कामी विमानतळ आला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. त्यासाठी टेकडी कापावी लागली, उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला, गावंच्या गावं उठली. नावासाठी मोर्चे निघाले. सोसायटीतली बाकीची माणसं आकाशात विमान दिसलं की फ्लॅटचा भाव काढतात. बाबा मात्र चमचा पुढे करून बाल्कनीत तयार असतो. चिऊ-काऊच्या घासांवर पिढ्या वाढल्या, पण आमच्या ठमाबाई विमानाशिवाय तोंड उघडत नाहीत. त्यांच्या लेखी विमानतळाच्या नावाचा वाद मिटलेला आहे. त्याचं नाव 'आं'. विमान लांबलं की वरणभात गार होतो आणि नवरा विमान कंपन्यांच्या वक्तशीरपणावर बोलू लागतो. आयुष्यात त्याने कधी विमान चुकवलेलं नाही, कारण तो फारसा विमानात बसलेलाच नाही.

संध्याकाळी वडाळे तलावावर या जातीचं संमेलन भरतं. तलावाभोवती लोक चालायला येतात. घड्याळ बघून फेऱ्या मारतात, हातवारे करतात, जोरजोरात श्वास सोडतात. बाबाही चालायलाच आलेला असतो. पण ठमाबाईंना मुंग्या दिसतात. मुंग्या झाल्या की बाकाखालचा खडा. खडा तोंडात जातो, बाबा तो काढतो, दुसरा जातो. मग एक कुत्रा. ठमाबाईंच्या कोशात चार पायांचं सगळं 'भूभू' आहे, त्यात म्हैस आली, शेळी आली आणि एकदा एक प्लास्टिकचं टेबलही आलं. तासाभरात बाबा पहिल्या बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत पोचतो. तिथे दुसऱ्या बाबाशी गाठ पडते. दोघं एकमेकांची नावं विचारत नाहीत. "तुमची बोलते का?" "शब्द बोलते. वाक्य नाही अजून." "आमचा 'बाबा ये' म्हणतो." यावर पहिल्या बाबाचा चेहरा बघण्यासारखा होतो. मुलं दोन वर्षांच्या आसपास दोन शब्द जोडू लागतात, काही थोडी आधी, काही थोडी नंतर. हे घरी येऊन मी समजावते. तो मान डोलावतो, आणि रात्री पलंगाखाली पडून ठमाबाईंना शिकवत असतो: "बाबा ये. म्हण. बाबा ये." ठमाबाई विचार करून म्हणतात, "बाबा नाय."

"वाक्य झालं!" असं ओरडून तो पलंगाला डोकं आपटून घेतो.

लशीच्या दिवशीचं सांगायला हवं. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लशीचा बूस्टर असतो, सरकारी केंद्रात फुकट मिळतो. आदल्या रात्री हा मला म्हणाला, "तू घाबरू नकोस, मी धरतो तिला." धरलं त्याने. डोळे मिटून. सुई ठमाबाईंना टोचली आणि "आई गं" तो म्हणाला. सिस्टरांनी ठमाबाईंना शाबासकी दिली, याला खुर्ची दिली. बूस्टरनंतर थोडा ताप येतो. तो ठमाबाईंना आला आणि रजा बाबाने घेतली. दुपारपर्यंत ठमाबाईंचा ताप उतरला, त्या त्याच्या पोटावर उड्या मारत होत्या आणि तो मला फोनवर मलूल आवाजात सांगत होता, की तू ऑफिसातून लवकर ये.

रजेचा विषय निघालाच आहे तर माझं एक गाऱ्हाणं. २०१७ पासून कायद्याने आईला सव्वीस आठवडे रजा आहे. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला पंधरा दिवस, तेही बाळ सहा महिन्यांचं व्हायच्या आत संपवायचे. खासगीतल्या बापाला कायदा एक दिवसही देत नाही. कायदे करणाऱ्यांची समजूत अशी, की मूल पाळण्यातून उतरलं की आपलं आपण बघतं. पण खरं पळायला लागतं ते दुसऱ्या वर्षात. बरं, बापाने चार तास मूल सांभाळलं की त्याचा सत्कार होतो. मी ठमाबाईंना अंघोळ घालते तेव्हा ती अंघोळ असते. नवरा घालतो तेव्हा तो समाजकार्य करत असतो. समोरच्या काकू मला दारात थांबवून सांगतात, "नशीब काढलंस हो, पोरीला भरवतोसुद्धा!" मी हसून घेते. नवरा माझ्या मागे उभा राहून अतिशय नम्र चेहरा करतो, आणि तेवढ्यापुरता मला तो अजिबात आवडत नाही.

माझे सासरे यावर काही बोलत नाहीत. ते रसायनीला कंपनीत पाळीवर जायचे. एकदा लेकाचं हे सगळं कौतुक बघत असताना मी सहज विचारलं, "बाबा, हे कधी चालायला लागले हो?" त्यांनी बराच वेळ आठवलं. मग सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई भाजी निवडत म्हणाल्या, "रंगपंचमीला. तुमची सेकंड शिफ्ट होती." सासरे "हां, हां" म्हणाले आणि उठून ठमाबाईंना घेऊन बाल्कनीत गेले. त्या दिवसापासून 'आं'ची ड्यूटी अर्धी त्यांनी घेतली आहे. विमानांच्या वेळा त्यांना मुलापेक्षा जास्त पाठ आहेत, पाळी सांभाळलेला माणूस तो.

झोपवणं मात्र बाबाचंच. एका वर्षानंतर मुलांना दिवसरात्र मिळून अकरा ते चौदा तास झोप लागते. ठमाबाई ती पूर्ण घेतात, पण सुट्या पैशांत. अंगाई नवऱ्याला एकही येत नाही. त्याने पहिल्याच आठवड्यात एक शोध लावला: अंधारात मांडी हलवत, लोकलमधल्या बाईच्या संथ आवाजात तो म्हणतो, "पुढील स्टेशन, खांदेश्वर." मग मानसरोवर. मग खारघर. सीवूड्सला ठमाबाईंचे डोळे जड होतात. सानपाड्याला हात सुटतो. वाशीला गाडी रिकामी. एखाद्या दिवशी ऑफिसात फार झालेलं असतं, तेव्हा हा सीवूड्सलाच घोरू लागतो आणि अंधारातून ठमाबाईंचा आवाज येतो, "नेलूल." मला स्वयंपाकघरातून हे ऐकू येतं. तेव्हा मी सत्काराचा राग विसरते, हे इथे लिहून ठेवते; त्याला दाखवणार नाही.

तिसरं वर्ष लागलं की म्हणे हा प्रकार ओसरतो. विंगेतल्या अनुभवी बायका सांगतात, की मूल प्लेग्रुपला जातं, "हे काय आहे?" विचारू लागतं, आणि बाबाला उत्तरं येत नाहीत म्हणून तो पुन्हा शेअरबाजाराकडे वळतो. आमच्याकडे अजून चार महिने आहेत. त्यात मागच्या रस्त्याची गटारं खणायला घेतली आहेत, तीन जेसीबी आलेत, आणि काम रेंगाळावं अशी इच्छा असलेला सगळ्या प्रभागात एकच करदाता आहे.

तेव्हा एक विनंती. पनवेल स्टेशनच्या पुलावर संध्याकाळच्या ऐन गर्दीत कुणी माणूस खांद्यावर पोर घेऊन, मालगाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत तुमची वाट अडवून उभा दिसला, तर त्याला धक्का देऊ नका, बाजूने जा. आणि "किती महिन्यांची?" असं विचारायचा मोह झालाच, तर आधी तुमची गाडी सुटायला किती वेळ आहे ते बघून घ्या. अर्ध्या तासाहून कमी असेल तर विचारू नका.