खोक्यात जिवंत काही नाही

गणपतीपुळ्याला जाणाऱ्या 'व्हाया आरे-वारे' गाडीच्या वाहकानं आधी खोक्याकडे पाहिलं, मग माझ्या भाच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्यात जिवंत काही आहे का?"

"नाही."

"मग बाळंतिणीसारखा काय धरून बसलायस? टाक मागच्या सीटवर."

भाच्यानं ते टाकलं नाही. सामानाचं तिकीट काढलं, रत्नागिरी स्टँडपासून आऱ्यापर्यंत खोकं मांडीवर घेतलं, आणि खोकं मोठं नि मांडी लहान असल्यामुळे सबंध रस्ता स्वतः अर्धा उभा राहिला. शिरगाव गेलं, काळबादेवी गेली, समुद्र दिसायला लागला; ह्याला खोक्यापलीकडचं काही दिसलं नाही. घरी आल्यावर पहिलं वाक्य, "मामा, ह्याच्यावर काही ठेवू नका." दुसरं वाक्य, "ह्याच्याजवळ काही ठेवू नका." पाणी त्यानं तिसऱ्या वाक्यात मागितलं.

खोक्यात पंख होते. उघडल्यावर सात फुटी. शिवाय चिलखत, शिरस्त्राण, रुपेरी केसांचा विग आणि एक तलवार. कुठल्याशा जपानी व्हिडिओ गेममधला तो योद्धा. नाव त्यानं मला तीनदा सांगितलं, मी तीनदा विसरलो. चौथ्यांदा विचारायची माझी हिंमत झाली नाही, कारण तिसऱ्या वेळी त्यानं माझ्याकडे, ज्ञानेश्वर कोण असं विचारणाऱ्याकडे आपण पाहू, तसं पाहिलं होतं.

ह्या छंदाला कॉस्प्ले म्हणतात. मुंबईला कॉमिक कॉन भरतं तेव्हा ही मंडळी आपापली सोंगं चढवून तिथे जातात, दिवसभर एकमेकांचे फोटो काढतात आणि एकमेकांच्या चुका मनात ठेवतात. भाचा ठाण्याला इंजिनिअर आहे. शर्टाचं बटण तुटलं की शर्ट आईकडे टाकतो. पण विगाची एकेक बट हातशिलाईनं बसवायला त्यानं आठ रात्री घातल्या, हे मला त्याच्या आईनं सांगितलं. सांगताना तिचा आवाज अभिमानाचा होता की तक्रारीचा, ते फोनवर कळलं नाही.

मापं घेतली त्या दिवसाची हकीकतही तिचीच. ती चहा घेऊन खोलीत गेली तर चिरंजीव हात पसरून उभे. गळ्यापासून कमरेपर्यंत अंगाला स्वयंपाकघरातली प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळलेली, तिच्यावर चंदेरी चिकटपट्टी, आणि मित्र मागून कात्री घालतोय. तिला वाटलं, पोरगा भाजला. प्रत्यक्षात तो बेतत होता. चिकटपट्टीच्या त्या कवचावर रेघा मारायच्या, ते कापून सपाट करायचं आणि त्यावरून फोम कापायचा, म्हणजे चिलखत अंगाला नेमकं बसतं. "शिंप्याकडे टेप असते रे," ती म्हणाली. "टेपला खांद्याची गोलाई कळत नाही, आई."

फोम म्हणजे लहान मुलांना खेळायला जमिनीवर अंथरतात ना, ती एबीसीडीची चटई. शेजारचं पोर मोठं झालं आणि त्याची चटई ह्याच्याकडे आली. चिलखत उलटं करून पाहिलंत तर बरोबर काळजाच्या जागी अजून एक 'क्यू' आहे. हीट गननं फोम तापवला की तो हवा तसा वळतो आणि त्याची भोकं मिटतात, नाहीतर सगळा रंग आत पितो. मग पातळ केलेल्या फेविकॉलचे चार-पाच हात, मग काळा, मग रुपेरी. इथवर मला समजलं. पण एवढं लखलखीत झाल्यावर तो स्पंज घेतो आणि कडाकडांनी तपकिरी रंग थोपटतो. गंज! तीन महिने खपून चिलखत नवं करायचं आणि चौथ्या महिन्यात ते जुनं करायचं.

"गंजच हवा होता तर आधीच इकडे आणून ठेवायचंस," आमची ही म्हणाली. "खाऱ्या हवेनं फुकट गंजवलं असतं."

"फोम गंजत नाही, मामी," तो गंभीरपणे म्हणाला. ही माणसं विनोदाला भीत नाहीत. तो त्यांना दिसतच नाही.

त्यांना वस्तूही आपल्यासारख्या दिसत नाहीत. दोन दिवसांत त्यानं आमच्या घरातलं पायपुसणं वाकवून पाहिलं, पाण्याचा पीव्हीसी पाइप ठोकून पाहिला आणि हिच्या योगासनांच्या चटईची जाडी दोन बोटांत धरून "सहा मिलिमीटर" असा निकाल दिला. त्या रात्रीपासून ती चटई कपाटात कुलपात आहे.

खर्च किती, हे विचारायचं नसतं. त्याच्या वडिलांनी एकदा विचारलं आणि वर म्हणाले, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. बालगंधर्वांचा दाखला दिला. रंगमंचावर शालू खरे, अत्तर खरं, आणि कर्जही खरं. ह्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण बाबा, शंभर वर्षांनी तुम्हाला आठवले ते शालूच ना?" तेव्हापासून वडील कॉस्प्लेवर बोलत नाहीत. बालगंधर्वांवरही नाही.

इतिहासही त्याला पाठ. कॉस्प्ले हा शब्द 1983 साली जपानमधल्या एका मासिकात नोबुयुकी ताकाहाशी ह्यानं घडवला. पण सोंग त्याआधीचं. 1939 साली न्यूयॉर्कला विज्ञानकथावाल्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तिथे फॉरेस्ट अ‍ॅकरमन नावाचा तरुण भविष्यकाळातला पोशाख घालून गेला. सोबत त्याची मैत्रीण मर्टल डग्लस, तीही तशाच पोशाखात. दोन्ही पोशाख तिनं शिवलेले.

"आणि पहिला कॉस्प्लेवाला म्हणून नाव कुणाचं झालं?" हिनं विचारलं.

"अ‍ॅकरमनचं."

"चहा घे," ही म्हणाली, आणि कप जरा जोरात ठेवला.

आता आऱ्यालाच का? तर त्याच्या योद्ध्याचा शेवटचा प्रसंग समुद्रावरच्या कड्यावर घडतो. आरे आणि वारे ह्यांच्यामध्ये रस्ता डोंगरावर चढतो, तिथून दोन्हीकडे पुळणी दिसतात, खाली काळे खडक. ठाण्यात असा कडा नाही. मावळतीचा उजेड हवा म्हणून त्यानं चारची वेळ धरली. मी म्हटलं, अरे, दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई, हे भूगोलात शिकलास ना? फोटो पहाटे काढ. पण योद्धा पहाटे मरत नाही म्हणाला.

चार वाजता आम्ही वर गेलो. फोटो काढणारा मित्र, मी, ही, आणि शिमग्याला गावात असलेले तात्या. तात्या म्हणजे आमच्या वाडीच्या नमन-खेळ्यांतले जुने संकासूर. काळा पायघोळ झगा, काळी निमुळती उंच टोपी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरं लावून त्यांनी दोन पिढ्यांची पोरं पळवली आहेत. त्यांत मीही होतो.

भाच्यानं पंख उघडले मात्र, समुद्रावरनं वारा आला. सात फुटांचं शीड. योद्धा आधी डाव्या पायावर गर्रकन फिरला, मग रस्त्यानं वाऱ्याच्या दिशेनं पळत सुटला. पळत नव्हता, नेला जात होता. मित्रानं कॅमेरा टाकून एक पंख धरला, मी दुसरा. तेवढ्यात उन्हानं गोंद सैलावला होता तो सुटला आणि उजव्या खांद्याचं चिलखत सुरूच्या झाडांकडे गेलं. गणपतीपुळ्याच्या दोन गाड्या थांबल्या. फोटोंना रांग लागली. भाचा एका हातानं उरलेला खांदा धरून सगळ्यांबरोबर उभा राहिला. रांगेच्या शेवटी एका आजींनी त्याला नीट न्याहाळलं, त्याच्या हातात दहाची नोट ठेवली आणि नमस्कार केला.

"अहो आजी, मी बहुरूपी नाही!"

"घे ती," तात्या मागून म्हणाले. "सोंगाला मिळालेलं परत करू नये."

मग तात्यांनी त्याला खाली बसवलं. आतून बाहेरून सगळं चाचपलं, बोटांनी, बैल बघावा तसं. जपान, गेम, योद्धा, काही विचारलं नाही. एकच विचारलं, "मुतायला कसा जातोस?"

भाच्याचा चेहरा बदलला. एवढ्या दिवसांत त्याच्या मनातलं ओळखणारा माणूस पहिल्यांदा भेटला होता. "जात नाही," तो म्हणाला. "सोडायला चाळीस मिनिटं लागतात. सकाळपासून पाणीच घेतलं नाही."

"आमच्या रावणाचं तेच. दहा तोंडं चढवली की एका तोंडातही पाणी नाही." तात्यांनी कनवटीची सुतळी काढली. "आणि गोंद कसला लावतोस? बांध. सोंग बांधायचं असतं, चिकटवायचं नसतं."

पुढचा तासभर ते दोघं सुतळी, दाभण, गाठी आणि घामानं ओघळणारा रंग ह्यांवर बोलले. मावळती होऊन गेली. फोटो एकही धड आला नाही. परत येताना भाचा तात्यांच्या टोपीची उंची विचारत होता आणि तात्या सांगत होते की टोपी हवी तर बनव, पण संकासूर पायात बूट घालत नाही.

पंख आता सुतळीवर आहेत, नोट शिरस्त्राणाच्या आत चिकटवलेली आहे. पुढच्या कॉमिक कॉनला मुंबईत गर्दीत सात फुटी पंख दिसले तर खुशाल फोटो मागा, गंजाचं कौतुक करा. फक्त पाणी विचारू नका.